पोटखराब्यातले गवत

मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूण मागे टाकून संगमेश्वराच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला वाटेत सावर्डे लागते. सह्याद्री शिक्षण संस्थेची विद्यालये, तिचे चित्रकला-शिल्पकलेचे महाविद्यालय, कोकण रेल्वेचे स्थानक आणि खैराच्या लाकडापासून कात काढण्याचा धंदा, एवढ्या गोष्टींनी हे गाव तालुक्यात आणि तालुक्याबाहेर ओळखले जाते. ही ओळख रस्त्याच्या पातळीवरची झाली. मान वर करून पाहिले, तर या परिसरातल्या डोंगरांचे माथे ठिकठिकाणी एकाएकी सपाट झालेले दिसतात, आणि येथून पश्चिमेकडे, गुहागर आणि रत्नागिरीच्या बाजूला जावे तसतसे हे सपाट माथे अधिकाधिक विस्तीर्ण होत समुद्राच्या कड्यापर्यंत पोचतात. या माथ्यांना कोकणातला माणूस सडा म्हणतो. सरकारी दप्तरात मात्र त्याची नोंद बहुधा पोटखराबा अशी होते. म्हणजे जिच्यावर पीक येत नाही आणि म्हणून जिच्यावर आकारही बसत नाही, अशी निरुपयोगी जमीन.

या लेखाचा विषय आहे त्या निरुपयोगी जमिनीवर, वर्षातले जेमतेम चार महिने, उगवणारे गवत.

उंच पर्वतांवरच्या पाणथळींत वाढणारी दुर्मीळ गवते हा साऱ्या जगातील वनस्पतिशास्त्रज्ञांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. हिमालयात, आल्प्समध्ये, न्यूझीलंडच्या डोंगरांत, जेथे वर्षाचा मोठा भाग बर्फाखाली जातो तेथे उन्हाळ्याच्या तीन-चार महिन्यांत उगवणे, फुलणे आणि बी धरणे हे सारे आटोपून घ्यावे लागते, आणि या सक्तीमुळेच तिथली वनस्पती इतर ठिकाणच्या वनस्पतींहून वेगळी घडते. कोकणाला हिमरेषा नाही, आणि सड्यांची उंची सागरसपाटीपासून मोजली तर हिमालयापुढे ती सांगण्याजोगीही नाही. तरीही निसर्गाने जी अट तेथे बर्फाच्या हाती दिली, ती येथे उन्हाच्या हाती दिली आहे. ऑक्टोबरपासून मेपर्यंत सड्यावर जगणे जवळजवळ अशक्य. जून ते सप्टेंबर या काळात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस अंगावर घेऊन तोच सडा एक अखंड पाणथळ होतो. काळाची चणचण, मातीचा अभाव, पाण्याचा अतिरेक आणि त्यापाठोपाठ पाण्याचा पूर्ण अभाव, या चारही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. म्हणून उच्चपर्वतीय पाणथळीतल्या गवताचा महाराष्ट्रातला भाऊबंद शोधायचा, तर तो कळसूबाईच्या शिखरावर न शोधता कोकणच्या सड्यावर आणि त्याच्या माथ्यावरच्या सह्याद्रीच्या पठारांवर शोधला पाहिजे, असे मला वाटते.

सडा म्हणजे जांभ्याचा थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांनी दख्खनचे पठार घडले. पुढे त्या काळ्या पाषाणातून उष्ण, दमट हवेत आणि मुसळधार पावसात विरघळण्याजोगे सारे घटक निघून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे तेवढी मागे राहून तांबडा, सच्छिद्र जांभा तयार झाला. फ्रान्सिस बुखानन या स्कॉटिश प्रवाशाने मलबारातील अंगडिपुरम् येथे हा दगड पाहून १८०७ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. जमिनीतून निघताना कापता येण्याइतका मऊ आणि हवा लागली की कठीण होणारा हा दगड कोकणी गवंड्याला अर्थात त्याच्याही कितीतरी आधीपासून ठाऊक होता. घरांच्या भिंती, देवळांचे चौथरे, विहिरींची बांधणी, परसाचे गडगे, हे सारे कोकण या दगडाच्या चिऱ्यांचेच आहे. सड्याच्या पृष्ठभागावर याच जांभ्याचे लोहयुक्त कवच इतके घट्ट झालेले असते की पावसाचे पाणी त्याच्या खळग्यांत साचून राहते; आणि जेथे भेगा आहेत तेथून ते आत झिरपते, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि सड्याच्या कडेला, डोंगराच्या उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. कोकणातल्या अनेक वाड्या सड्याच्या कुशीत, उताराच्या पायथ्याशी वसल्या आहेत याचे कारण हे पाणी होय. पोटखराब्याचा हा पहिला उपयोग. तो दप्तरात कोठे नोंदलेला नसतो.

मे महिन्याच्या दुपारी सडा पाहणाऱ्याला तेथे जीवसृष्टी असेल अशी कल्पनाही येणार नाही. काळपट-तांबूस कातळ, त्यावर वाळून कुरकुरीत झालेल्या शेवाळाचे पापुद्रे, भेगांत अडकलेले पिवळे काड, आणि पायतळी भाजणारी उष्णता. त्या कातळावरच्या सुट्या दगडांखाली मात्र पांढऱ्या पट्ट्यांची एक चिमुकली पाल राहते, जिचे शास्त्रीय वर्णन १९६३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्याच डोर्ले गावच्या नमुन्यांवरून झाले आणि जी दक्षिण कोकणच्या जांभ्याबाहेर कोठे राहत नाही. मृगाचा पाऊस पडला की पहिले हिरवे होते ते शेवाळ. त्यामागून कातळाच्या खळग्यांत बोटभर मातीवर कोंबांची दाटी होते, आणि श्रावणात त्याच सड्यावर सीतेची आसवे, गेंद, तेरडा, कवला, दवबिंदू यांचे गालिचे पसरतात. यांतल्या सीतेच्या आसवांचे आणि दवबिंदूचे भोजन म्हणजे किडे-जंतू. ज्या मातीत नत्र जवळजवळ नाही तेथे जगण्यासाठी या वनस्पतींनी मांसाहार पत्करला आहे. गौरीच्या सणाला जो तेरडा घरोघर आणला जातो, तो पुष्कळदा या सड्यांवरचाच. ऋषिपंचमीला नांगराच्या कष्टाशिवाय उगवलेले अन्न खावे या नियमाने ज्या देवभाताची आठवण काढली जाते, ते पाणथळींत आपोआप उगवणारे रानभात हीदेखील गवताचीच एक जात. आपल्या व्रतवैकल्यांना या ओल्या, नांगरविरहित जमिनीचे स्मरण होते, आणि महसुलाच्या नियमांना होत नाही, ही गोष्ट मला नेहमीच विचार करण्याजोगी वाटत आली आहे.

फुले डोळ्यांत भरतात. गवत भरत नाही. सड्यावर फिरायला आलेल्या माणसाची दृष्टी गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांवर आणि सीतेच्या आसवांच्या निळाईवर खिळते, आणि या सर्व फुलांना आधार देणारा, त्यांच्यामधली प्रत्येक मोकळी जागा भरून काढणारा जो हिरवा विस्तार असतो तो गवत या एका शब्दात निकालात निघतो. वस्तुतः त्या विस्तारात एखाद्या हातभर चौकोनात अनेक जातींची गवते शेजारी शेजारी असतात, आणि त्यांतली काही अशी असतात की जी भारतीय द्वीपकल्पाबाहेर पृथ्वीच्या पाठीवर कोठेही उगवत नाहीत.

अशा गवतांपैकी एका वंशाचे नाव ग्लायफोक्लोआ असे आहे. ऊस, ज्वारी आणि मका ज्या कुळशाखेतले, त्याच शाखेतला हा एक लहानसा, वीतभरापासून गुडघ्यापर्यंत वाढणारा, एकाच पावसाळ्यात जन्म आणि मरण उरकणारा वंश. त्याचा तुरा भिंगातून पाहिला म्हणजे आपण गवत पाहतो आहोत याचा क्षणभर विसर पडतो. दाण्याला झाकणारे जे बाहेरचे तुस, त्याच्यावर कोठे आडव्या वरंब्यांची, कोठे खाचखळग्यांची, कोठे काट्यांच्या रांगांची नक्षी कोरलेली असते. काही जातींत त्याच्या कडांना पंख फुटलेले, तर काहींत टोकाला कात्रीसारखी दुभंगलेली कुसळे. एका जातीची नक्षी दुसरीशी जुळत नाही, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ या जाती ओळखतात त्या प्रामुख्याने या कोरीव कामावरूनच. पावसाळा सरला की तुरा पेरापेरांतून मोडतो, प्रत्येक पेर आपला दाणा घेऊन सुटे होते आणि कातळाच्या भेगेत, मातीच्या कणात किंवा गुराच्या केसांत अडकून पुढच्या मृगाची वाट पाहते. आठ महिने तापलेल्या कातळावर निभावून जायचे, तर त्या दाण्याला असे चिलखत हवेच.

या वंशातल्या जातींची नावे वाचताना पश्चिम घाटाचा नकाशाच वाचल्यासारखे होते: एकीच्या नावात गोवा, दुसरीच्या म्हैसूर, तिसरीच्या महाराष्ट्र, आणि एकीच्या नावात आपली रत्नागिरी. ग्लायफोक्लोआ रत्नागिरिका ही ती जात. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील पश्चिम विभागाचे बी. जी. कुलकर्णी आणि हेमाद्री यांनी तिला शास्त्रात प्रथम दाखल केले, त्या वेळी सिंधुदुर्ग हा जिल्हा अस्तित्वात आलेला नव्हता. रत्नागिरी म्हणजे बाणकोटपासून बांद्यापर्यंतचे सारे दक्षिण कोकण होते. त्या दोघांनी तिला मॅनिसुरिस या जुन्या वंशात ठेवले होते. पुढे १९८१ साली, म्हणजे ज्या वर्षी जिल्ह्याची फाळणी होऊन सिंधुदुर्ग वेगळा झाला त्याच वर्षी, लंडनजवळील क्यू येथील गवततज्ज्ञ डब्ल्यू. डी. क्लेटन यांनी या साऱ्या कोरीव तुसांच्या जाती एकत्र करून ग्लायफोक्लोआ हा स्वतंत्र वंश स्थापन केला. रत्नागिरीचे नाव वागवणारे हे गवत रत्नागिरी जिल्ह्यात किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न विचारण्यातही अर्थ नाही. हापूसचे नाव जगाला ठाऊक आहे, आणि हापूसचे कलम लावता येते. या गवताचे कलम लावता येत नाही. त्याला हवा असतो तो सडाच, आहे तसा.

एकेक सडा म्हणजे एकेक बेट आहे, हे येथे समजून घेतले पाहिजे. दोन सड्यांच्या मधे दऱ्या आहेत, भातखाचरे आहेत, जंगले आहेत, खाड्या आहेत. कातळावर जगायला सरावलेल्या वनस्पतीला त्या दऱ्यांतली खोल माती आणि झाडांची सावली मानवत नाही. म्हणून एका सड्यावरचे बी दुसऱ्या सड्यावर क्वचितच पोचते, आणि हजारो वर्षांच्या अशा एकांतवासातून एका पूर्वजाच्या अनेक जाती होतात. गोवा विद्यापीठातील जनार्थनम् आणि त्यांचे सहकारी, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील श्रीरंग यादव आणि त्यांचे शिष्य, पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेतील अभ्यासक, आणि कोकणातल्या व घाटातल्या कातळपठारांची तपशीलवार पाहणी करणाऱ्या अपर्णा वाटवे, यांच्या गेल्या काही दशकांतील कामामुळे हे चित्र स्पष्ट होत गेले आहे. आघारकर संस्थेच्या संशोधकांनी २०२२ साली पश्चिम घाटातील अशा ६२ वनस्पती नोंदवल्या, ज्या पूर्णपणे वाळून गेल्यावरही पाणी मिळताच पुन्हा हिरव्या होतात. कातळ हेच त्यांचे मुख्य घर. पुराणातील संजीवनी आपण हिमालयात शोधत आलो, आणि तिची भावंडे उन्हाळाभर आपल्या पायाखाली मेल्यासारखी पडून होती.

गवताचा अभ्यास हे कधीच लोकप्रिय शास्त्र नव्हते, आणि ज्यांनी तो केला त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा कोश सिद्ध केला. त्यानंतर मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील स्विस जेझुइट धर्मगुरू एथेलबर्ट ब्लॅटर आणि कॅसलरॉकला जन्मलेले चार्ल्स मॅकॅन यांनी मुंबई इलाख्यातील गवतांवर जो ग्रंथ लिहिला, तो १९३५ साली, ब्लॅटर यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. त्यातली रेखाचित्रे आर. के. भिडे आणि भिवा या दोघांनी काढलेली आहेत. भिडे हे पुण्याच्या शेतकी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि त्यांच्या स्मरणार्थ एका गवताच्या वंशाला भिडिया असे नाव मिळाले आहे. केवळ भिवा एवढ्याच नावाने त्या ग्रंथात उभा असलेला चित्रकार गवताच्या एकेका तुसावरची शीर न् शीर रेखाटत बसला असेल, त्या वेळी आपल्या नावापुढे आडनावही येणार नाही याची त्याला कल्पना असेल की नाही कोण जाणे. परंतु आजही गवत ओळखताना अभ्यासकाचा हात त्याच्या चित्रांकडे जातो. पोतदार, साळुंखे आणि यादव यांनी महाराष्ट्रातील गवतांवर लिहिलेला ग्रंथ शिवाजी विद्यापीठाने २०१२ साली प्रसिद्ध केला, त्याने या परंपरेत मोठी भर घातली.

याच परंपरेतली एक कथा सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण ओलसर कातळावरच्या गवताचे भवितव्य कशावर अवलंबून असते ते तिच्याइतके दुसऱ्या कशानेही कळत नाही. १९१९ साली सनदी अधिकारी सेजविक आणि वनखात्यातील बेल या दोन वनस्पतिप्रेमी अंमलदारांनी शरावती नदीच्या गेरसप्पा धबधब्यापाशी एक नाजूक, रुंद पानांचे, छोटेसे गवत गोळा केले. धबधब्याचे तुषार ज्या खडकांवर अहोरात्र उडतात त्या ओल्या खडकांवर ते वाढत होते. नमुना वाळवून संग्रहालयात गेला आणि तीस वर्षे तसाच पडून राहिला. त्यानंतर नॉर्मन बोर यांनी, जे स्वतः भारतात वनाधिकारी होते आणि ज्यांचा भारत, ब्रह्मदेश, सिलोन व पाकिस्तान यांतील गवतांवरचा १९६० सालचा ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो, त्या नमुन्यावरून एक सर्वस्वी नवा वंश वर्णिला आणि क्यू येथील गवतशास्त्राचे आचार्य सी. ई. हबर्ड यांचे नाव त्याला दिले. हबार्डिया हेप्टान्यूरॉन असे त्या गवताचे नाव झाले. दरम्यान शरावतीचे पाणी विजेकडे वळले. १९४८ साली तेथे जलविद्युत केंद्र सुरू झाले, पुढे १९६४ साली लिंगनमक्कीचे धरण पूर्ण झाले, आणि धबधबा पावसाळ्यापुरता उरला. अहोरात्र उडणारे तुषार थांबले. ज्या खडकांवर ते गवत होते ते खडक कोरडे पडले, आणि पुन्हा शोधायला गेलेल्यांना ते तेथे सापडले नाही. ज्या वंशाला नाव मिळून अर्धशतकही झाले नव्हते, तो नामशेष झालेल्या वनस्पतींच्या यादीत दाखल झाला.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी शिवाजी विद्यापीठाच्या यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना कोल्हापूर जिल्ह्यातील तिलारी परिसरात, घाटमाथ्यावरच्या पाझरत्या, सावलीतल्या कड्यावर, तेच गवत पुन्हा सापडले. वनस्पतिशास्त्राच्या जगात ही बातमी हरवलेले मूल घरी यावे तशी आनंदाने स्वीकारली गेली. पुढे २०१२ साली चांदोरे, गोसावी आणि यादव यांनी त्याच वंशातली दुसरी जातही पश्चिम घाटातूनच वर्णिली. गेरसप्पाचे गवत मेले ते कुऱ्हाडीने नाही आणि वणव्यानेही नाही. कोणीही त्याला हात लावला नव्हता. केवळ पाण्याची वाट बदलली, एवढेच त्याला पुरले. सड्याच्या बाबतीत पाण्याची वाट बदलण्याचे काम रोज, ठिकठिकाणी, कोणताही मोठा प्रकल्प नसतानाही चालू आहे.

ते कसे, हे कळण्यासाठी आधी सड्याच्या मालकीचा विचार करावा लागतो. रत्नागिरी जिल्ह्यात शासनाच्या ताब्यातील राखीव वन अत्यल्प आहे. जमीन खासगी, आणि तीही बहुधा सामाईक. खोतीच्या अमलात गावचे डोंगर, वरकस आणि सडे खोतांच्या वहिवाटीत होते. ती खोती नष्ट व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले आणि १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने ती अखेर संपली. कुळांच्या डोक्यावरचे एक मोठे ओझे त्यामुळे उतरले, यात शंका नाही. परंतु सड्यांच्या सातबाऱ्यावर वारसांमागून वारस चढत जाऊन आज एकेका गटाला पंचवीस-पंचवीस, पन्नास-पन्नास हिस्सेदार असतात, त्यांतले निम्मे मुंबईला, आणि त्या जमिनीचे काय करायचे याचा निर्णय बहुधा बाहेरून एखादा खरीददार आला म्हणजेच घेतला जातो. ज्या जमिनीला दप्तरात पोटखराबा म्हटले आहे, जिच्यातून गुरांच्या चराईपलीकडे घरात काही येत नाही, ती कोणी विकत मागितली तर हिस्सेदाराने का नाकारावी? त्याला दोष देण्याचा अधिकार मला वाटत नाही. जिने तिला निरुपयोगी ठरवले त्या नोंदीकडेच बोट दाखवले पाहिजे.

खरीददार येतो तो दोन-तीन कारणांसाठी. पहिले कारण चिरा. पूर्वी चिरेखाण म्हणजे पहारी-टिकावांनी हाताने काढलेला, घराला पुरेल एवढा दगड. आता यंत्राच्या चक्राकार पात्याने सडा पायऱ्यापायऱ्यांनी खोल कापला जातो आणि एका हंगामात एका खाणीतून मालमोटारींच्या रांगा निघतात. महसूल खात्याच्या भाषेत जांभा हे गौण खनिज. त्याचा परवाना मिळतो, त्यावर स्वामित्वधन भरले जाते, आणि खणलेली जागा पाणी साठलेल्या खोल चौकोनी खड्ड्याच्या रूपाने मागे राहते. त्या खड्ड्यात बोटभर मातीचे, बोटभर पाण्याचे गवत कधीच परत येत नाही. दुसरे कारण बागायत. रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीच्या योजनेने १९९० पासून कोकणात आंबा-काजूखालील क्षेत्र झपाट्याने वाढले आणि त्याने पुष्कळ कुटुंबांना आधार दिला. त्याच वेळी सुरुंग लावून कातळात खड्डे पाडावे, बाहेरून माती आणून भरावी आणि त्यात कलम लावावे, ही रीतही सड्यांवर रूढ झाली. तिसरे कारण मोठे प्रकल्प. माडबनच्या सड्यावरील अणुऊर्जा प्रकल्प आणि बारसूच्या सड्यावरील तेलशुद्धीकरण प्रकल्प यांविषयीचे वाद महाराष्ट्राने वाचले आहेत. प्रत्येक वेळी जमीन निवडताना एकच युक्तिवाद पुढे येतो: ती पडीक आहे. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातदेखील उघडा कातळ हा पडीक जमिनीचाच एक प्रकार म्हणून मोजला जातो.

बारसूच्या, देवाचे गोठण्याच्या, कशेळीच्या, उक्षीच्या सड्यांवरची प्रागैतिहासिक कातळशिल्पे उजेडात आल्यावर आणि २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेल्यावर सड्याकडे पाहण्याची शासनाची आणि लोकांची दृष्टी थोडीशी बदलली. हत्ती, मासे, गेंडे आणि माणसे ज्या कातळावर खोदली गेली, त्या कातळाला आता किंमत आली. ज्या अज्ञात माणसांनी ती शिल्पे कोरली, त्यांच्या भोवती पावसाळ्यात हेच गवत उगवत असले पाहिजे, आणि त्यांनी कोरलेल्या हत्तीच्या पाठीवर साचलेल्या पाण्यात आजही ते उगवते. शिल्पाभोवती कुंपण घालताना त्या गवताची जागा कुंपणाच्या आत राहील, एवढा विचार मात्र व्हायला हवा.

इतरत्र असा विचार झालेला आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया प्रांतात हिवाळी पावसाने भरणारी आणि उन्हाळ्यात आटणारी उथळ तळी आहेत, आणि त्यांत ऑर्कट गवत या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काही जाती उगवतात, ज्या जगात दुसरीकडे नाहीत. पाण्याखाली रुजायचे, पाणी आटताना पाने बदलायची, कोरड्या तळावर फुलायचे आणि बी मातीत वर्षानुवर्षे जपून ठेवायचे, हा त्यांचा क्रम. शेती आणि वसाहती यांनी तिथली बहुतेक तळी बुजवली, तेव्हा १९९७ साली त्या गवतांना केंद्रीय कायद्याचे संरक्षण देण्यात आले. आपल्या ग्लायफोक्लोआचा प्रश्न याहून निराळा नाही. फरक आहे तो एवढाच, की तिथल्या दप्तरात त्या गवताला नाव आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी, आणि त्याच कायद्याच्या ३७ व्या कलमाने स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून राज्य शासनाला एखादी जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर करता येते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील हेवाळे-बांबर्डे येथील जंगली जायफळाची पाणथळ देवराई आणि आंबोलीतील हिरण्यकेशीचे उगमस्थान, जिथे एक नवी माशाची जात सापडली, ही दोन्ही स्थळे या कलमाखाली जाहीर झालेली आहेत. दोन्ही क्षेत्रे लहान आहेत. त्यांच्या संरक्षणासाठी कोणाला विस्थापित व्हावे लागले नाही, कोणाची शेती गेली नाही. जमिनीचा एक लहानसा तुकडा आहे तसा राहू द्यायचा, एवढाच त्या घोषणेचा अर्थ. सड्यावरच्या गवतालाही याहून अधिक काही नको आहे. गुरे चरली तर चालतात. पिढ्यान्‌पिढ्या चरत आलीच आहेत. गणपतीत तेरडा आणला तर चालतो. घरापुरता चिरा काढला तरी सडा संपत नाही. सगळा सडा एकदम कापला जाणे, सुरुंगांनी त्याचे कवच फुटून पाणी भलतीकडे वळणे आणि त्याच्यावर परकी माती पसरणे, एवढ्या तीन गोष्टी टळल्या पाहिजेत.

यासाठी लागणारी माणसे सावर्ड्याच्या परिसरात आहेत. जवळच खरवते-दहिवलीला कृषी महाविद्यालय आहे, दापोलीला १९७२ साली स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ आहे; आणि ज्या गावाने कोकणातल्या खेड्यात चित्रकला शिकवण्याची हिंमत दाखवली, त्या गावात भिवासारखा गवताच्या तुसावरची नक्षी रेखाटू शकणारा विद्यार्थी निघणार नाही असे मी मानत नाही. गणपती ते दसरा या काळात ही गवते तुऱ्यावर असतात आणि ओळखता येतात. त्या दिवसांत महाविद्यालयाच्या मुलांनी गावातल्या जाणत्या गुराख्यांना बरोबर घेऊन आपापल्या गावचा सडा पालथा घालावा, सापडलेल्या गवतांचे मोजके नमुने विद्यापीठातील तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे आणि त्यांची नावे, जागेच्या गट क्रमांकासह, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लिहावी. ग्रामसभेपुढे तो विषय ठेवावा. जेथे दुर्मीळ जाती आढळतील तेथील सड्याचा थोडा भाग वारसास्थळ व्हावा असा ठराव करून तो जैवविविधता मंडळाकडे पाठवावा, आणि हिस्सेदारांचे नुकसान होऊ नये म्हणून त्यांना योग्य मोबदला मिळण्याची मागणीही त्याच ठरावात करावी. सातबाऱ्यावरची पोटखराब्याची नोंद बदलणे तलाठ्याच्या हाती नाही. ते काम महसूल खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे आहे. ग्रामपंचायतीची नोंदवही मात्र गावाच्या हाती आहे, आणि तिच्यातली पहिली ओळ लिहिण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. या भागातल्या सरपंचांना आणि प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की येत्या पावसाळ्यात ती ओळ लिहिली जावी.